रुबिनेमिन

कुपीत काहीच नव्हतं. म्हणजे नुसता द्रावक होता, पाण्यासारखा स्वच्छ. ब्रोतोवालीच्या वेलीचा अर्क त्यात टाकायचा राहूनच गेला होता. डीनसाहेबांचा फोन आला तेव्हा प्रिहातिनच्या एका हातात कुपी होती. "बू प्रिहातिन, जाकार्ताहून पत्र आलं बरं का! शनिवारी सोहळा. आता तुम्हाला प्रोफेसर म्हणायचं," हे ऐकता ऐकता तिने कुपीला झाकण लावलं, ती यंत्रात ठेवली आणि बटण दाबलं. फोन ठेवल्यावर टेबलावर अर्काची बाटली काठोकाठ भरलेली दिसली, तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्या वर्षाच्या पोरीसारखी चूक. यंत्र थांबवावं असं वाटलं, मग म्हटलं चालू दे, कोरी रेघ तरी बघू. पडद्यावर रेघ निघाली होती, सपाट, झोपलेली. बाहेर मशिदीत दुपारची बांग झाली. अर्कातला प्रत्येक पदार्थ यंत्रातून आपल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडतो, आणि तिने वेलीतून शोधलेल्या रुबिनेमिनची वेळ आली तशी रेघ उठली. उंच गेली, अणकुचीदार सुळका करून खाली आली आणि काही झालंच नाही अशी पुन्हा झोपली. लांबून चालीवरून आपलं माणूस ओळखू यावं तसा तो सुळका प्रिहातिनला ओळखू आला. तोच होता. फक्त तो इथे असायला नको होता.

आधीच्या नमुन्याचं काहीतरी नळीत राहिलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. यंत्र धुतलं. नवी कुपी घेतली, नवा द्रावक घेतला, पुन्हा लावलं. पुन्हा तोच सुळका. तिसऱ्यांदा लावताना झाकण तिरकं बसलं, ते काढून पुन्हा फिरवलं. शेजारच्या खोलीत कोणीतरी तिच्यासाठी केक मागवायचा की तुंपेंगचा पिवळा भात यावर वाद घालत होतं, भातच हवा, प्रोफेसर झाल्यावर भाताचा डोंगर कापायचा असतो, केक काय कोणीही कापतं. तिला तो आवाज फार दूरचा वाटला. तिसरा सुळका पडद्यावर चढताना तिने तो पाहिला नाही. खिडकीतून खाली सायकलींच्या छपराकडे बघत राहिली, आणि तरी पाठीला कळलं, की तो चढला.

रुबिनेमिन हे तिने दिलेलं नाव. नवा पदार्थ सापडला की नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. कोणी झाडाचं ठेवतात, कोणी गावाचं. प्रिहातिनने आईचं ठेवलं. सिम्बोक रुबिनेम, सुकोहार्जोकडची जामूवाली, झाडपाल्याचे काढे विकणारी. पाठीवर टोपली, टोपलीत बाटल्या, पहाटे हळद वाटून सकाळी गल्ल्यागल्ल्यांतून "जामूऽऽ" करत फिरणारी. तिच्या टोपलीतल्या कडू काढ्याच्याच वेलीतून प्रिहातिनने हा पदार्थ वेगळा काढला होता, तेव्हा ती नुकती डॉक्टरेट करून परतली होती आणि खोलीत पंखासुद्धा नव्हता. काचेच्या थाळीत सुजलेल्या पेशींवर त्याचा एक थेंब टाकला की सूज उतरायची. पेपर परदेशी नियतकालिकाने घेतला. त्यांच्या अर्जात नाव आणि आडनाव असे दोन रकाने होते आणि तिला आडनाव नव्हतं, आपल्याकडे अर्ध्या लोकांना नसतंच. रकाना रिकामा सोडला की अर्ज पुढे सरकेना, म्हणून तिने दोन्हीकडे तेच लिहिलं. तेव्हापासून जगाच्या लेखी ती प्रिहातिन प्रिहातिन. रेत्नानिंग, शेजारच्या प्रयोगशाळेतली तिची मैत्रीण, अजून चिडवते, "एक प्रिहातिन काम करते आणि दुसरी झोपते, म्हणून एवढे पेपर होतात हिचे."

आणि मग दुसऱ्यांच्या पेपरांत तिच्या पेपरचे उल्लेख यायला लागले. पहिला मेदानहून, त्यांना सीताफळाच्या जातीच्या पानात रुबिनेमिन सापडलं. मग मनिला, खारफुटीच्या सालीत. मग ह्वे, मग कुचिंग, मग पुन्हा मेदान. सोर्सोपच्या काटेरी फळात, मँगोस्टीनच्या सालीत, कसल्याशा शेवाळातसुद्धा. रोज सकाळी चहाबरोबर ती आपलं नाव टाकून आकडा बघायची. तो कधी एकाने वाढलेला असायचा, कधी नाही, आणि नसला की दिवस जरा आंबट जायचा. तीनशेच्या पुढे गेला तेव्हा विद्यापीठाच्या दारावर तिच्या फोटोचा फलक लागला. एवढ्या वेगवेगळ्या झाडांत एकच पदार्थ कसा, असं तिला कधी वाटलं नव्हतं का? वाटलं होतं. तिने त्यावर एक पेपरही लिहिला होता, उष्ण प्रदेशातल्या झाडांनी एकच बचाव वेगवेगळ्या वाटांनी शोधला असावा असा. त्यालाही चांगले उल्लेख होते. आता तो पेपर आठवला आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

टेबलाखाली निळा कॅन होता. बाजारी द्रावक अशाच कॅनमधून येतो, रंगवाल्यांकडे जातो तसलाच; शुद्ध द्रावक काचेच्या बाटलीत मिळतो, पण तो मागवला की सहा महिने येत नाही आणि आला की वर्षाचं अनुदान घेऊन जातो. म्हणून बाजारी आणायचा, इथेच ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायचा आणि मऊ पारदर्शक नळीतून हव्या त्या भांड्यात सोडायचा. तिच्या गुरूंनी तसं केलं, तिने केलं, तिच्या विद्यार्थ्यांनी मेदानला आणि कुचिंगला जाऊन तेच केलं. अशी काटकसर म्हणजे आपल्याकडे हुशारीच. प्रिहातिन गुडघ्यांवर बसली आणि नळी दोन बोटांत धरली. किंचित पिवळी, किंचित तेलकट. नळी मऊ राहावी म्हणून कारखानेवाले तिच्यात काय काय घालतात ते कोणाला सांगत नाहीत. तिने कात्रीने नळीचा तुकडा कापला, कुपीत टाकला, वर द्रावक ओतला आणि तासभर तसाच ठेवला. त्या कुपीचा सुळका इतका उंच चढला की पडद्याच्या वर गेला आणि त्याचं टोकच दिसेना.

पण नळीत आहे म्हणून वेलीत नाही असं थोडंच. या वाक्याला ती रात्रभर धरून पडली. वेलीतही असेल, दोन्हीकडे असेल. जगात अशी योगायोगाची उदाहरणं आहेत. सकाळी ती रेत्नानिंगच्या दारात उभी राहिली. "तुझ्याकडची काचेची बाटली दे. शुद्धवाली."

"वा! प्रोफेसर झाली नाहीस तोच बाजारीवर भागेना का आता?" रेत्नानिंग हसली, मग तिचा चेहरा बघून थांबली. "काय झालं ग? रडलीस?"

"नाही. झोपले नाही. बाटली दे."

सगळं काचेचं घेतलं. नळी नाही, कॅन नाही, रबरी बूचसुद्धा नाही. वेलीचा ताजा तुकडा सुरीने चिरला तेव्हा हाताला तो ओळखीचा चिकट कडूपणा लागला आणि तिने लहानपणीसारखं बोट चाटलं. तोंड वाकडं झालं. लहानपणी ताप आला की सिम्बोक हाच काढा ग्लासभर द्यायची, नाक दाबून गिळायला लावायची, आणि गिळून होताच दुसऱ्या ग्लासात चिंचेचं गोड सिनोम. कडूमागून गोड हा प्रत्येक जामूवालीचा रिवाज, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. प्रिहातिन अर्क गाळत होती, आणि मनात एकच मागणं होतं, तिला लाज वाटेल इतकं उघडं: असू दे. वेलीत असू दे. थोडं तरी असू दे. तीस वर्षांत तिने कधी एखाद्या रेघेकडे काही मागितलं नव्हतं. मागायचं नसतं हेच तर ती दर वर्षी पहिल्या तासाला शिकवायची.

यंत्र चालू झालं. वेलीचे बाकीचे सुळके आले, लहानमोठे, गर्दीने, सगळे आपापल्या जागी. रुबिनेमिनची वेळ आली. रेघ सपाट राहिली. प्रिहातिन वाकून पडद्याच्या इतक्या जवळ गेली की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. ती वेळ गेली आणि पुढचे सुळके आले, आणि रुबिनेमिनच्या जागी नुसतं अंतर होतं, दोन घरांच्या मधल्या बोळासारखं. मग तिला कुचिंगची दायांग आठवली.

दायांगची तीन पत्रं आली होती. पहिलं अदबीचं: मॅडम, आमच्याकडे या वर्षी नवी काचेची उपकरणं आली, तेव्हापासून मला रुबिनेमिन मिळत नाही, माझं काय चुकतं? प्रिहातिनने लगेच उत्तर दिलं होतं, प्रेमाने, सल्ल्याने भरलेलं: घाई करू नका, अर्क हळू गाळा, हात बसायला वेळ लागतो. दुसऱ्या पत्रात दायांगने सगळं पुन्हा करून पाहिल्याचं लिहिलं होतं. तिसऱ्यात फक्त एवढंच, की शुक्रवारी समिती बसणार आहे, मिळालं नाही तर डॉक्टरेटची नोंदणी रद्द होईल, सर म्हणतात तुझ्या हातात स्वच्छपणा नाही. त्या पत्राला प्रिहातिनने अजून उत्तर दिलं नव्हतं. खरं म्हणजे तिला ती मुलगी जरा रडकी वाटली होती. आता तिने तेच पत्र उघडलं आणि तारखेसकट पुन्हा वाचलं. शुक्रवार म्हणजे उद्या.

डीन पाक हेन्दार्तो जेवत होते. त्यांनी तिला हाताने खुर्ची दाखवली, तळलेलं तेंपे पुढे सरकवलं आणि ती बोलत असताना चघळत राहिले. मग चघळायचे थांबले. मग पुन्हा सुरू केलं, पण सावकाश. "हे कोणाला सांगितलंत?"

"अजून कोणालाच नाही."

"छान. मग सांगू नका. शनिवार होऊ द्या." त्यांनी हात पुसले. "बू प्रिहातिन, मी काय चोर आहे का? मी लपवा म्हणत नाही. सोमवारी लिहा ना! आरामात लिहा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तेवढी शनिवारपर्यंत झाका म्हणतो. उपमंत्री यायचे आहेत. विभागाचा दर्जा अर्धा तुमच्या एका पेपरवर उभा आहे, हे मी सांगायला हवं का तुम्हाला?"

"कुचिंगला एका मुलीची समिती उद्या आहे, पाक."

"कुचिंगच्या मुलीची काळजी कुचिंगवाले करतील. आणि तोटा कुठे आहे, ते तरी बघा." ते जरा पुढे झुकले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची आपुलकी आली, तीच तिला सहन होईना. "चूक सुधारली म्हणून तुमचा एक नवा पेपर होईल. त्याला गुण आहेतच. त्यात पहिला उल्लेख कोणाचा? तुमच्याच जुन्या पेपरचा. मग जो तो म्हणणार, प्रिहातिन चुकली, आणि तसं म्हणताना तुमचा पेपर लिहावाच लागणार खाली. सायटेशन वाढतीलच की! चूक म्हणून वाढो नाहीतर बरोबर म्हणून, यंत्राला काय कळतं?"

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. आकडा उतरणारच नव्हता. रोज सकाळच्या चहाबरोबर तो तसाच भेटणार होता, वाढत, लठ्ठ होत, आतून नळीचा. ती उठली. तेंपेचा तुकडा हातात तसाच होता, तो कुठे ठेवावा ते कळेना म्हणून तिने तो तोंडात टाकला. "मी उद्याच्या आत कळवणार आहे," ती म्हणाली, तेंपे चावत, आणि एवढं मोठं वाक्य असं भरल्या तोंडाने बोलल्याचं तिला दारापर्यंत वाईट वाटत राहिलं.

पण खोलीत येऊन तिने दोन्ही पत्रं लिहिली, एक नियतकालिकाला आणि एक दायांगला, आणि पाठवली नाहीत. अंगठा फोनच्या पडद्यावर गेला आणि मागे आला. उपमंत्र्यांची भीती नव्हती, निदान फार नव्हती. भीती होती ती सिम्बोकची. गावात तिला आता रुबिनेम कोणी म्हणत नाही, प्रोफेसरची आई म्हणतात. बाजारात तिची गिऱ्हाइकं "ते तुझ्या नावाचं दे" म्हणून कडू काढा मागतात, आणि ती मान ताठ करून ओतते. वडील गेल्यावर ज्या बाईने पाठीवरच्या बाटल्यांवर मुलीला रसायनशास्त्र शिकवलं, तिला या जगात मिळालेली एवढी एकच मोठी वस्तू, आणि ती नळीतली निघाली. छापून आलेलं दुसऱ्याच्या तोंडून तिला कळावं हे प्रिहातिनला सहन होण्यासारखं नव्हतं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि दक्षिणेकडची लहान बस पकडली. बसमध्ये लवंगी सिगारेटचा वास होता आणि बाजूची बाई तिला पुन्हा पुन्हा विचारत होती की तुमची तब्येत बरी नाही का.

अंगणात सिम्बोक दुपारच्या फेरीची तयारी करत होती. बाटल्या एकेक पुसून टोपलीत लावत होती. दोरीवर नवा कबाया वाळत होता, जांभळा. "नडुक! आज कशी आलीस? बघ, कबाया शिवून आला. आणि गाडी ठरली बरं का, अख्खी गल्ली येतेय शनिवारी. सुमारमीची सून तर म्हणते, मला पुढे बसव, मला मंत्री बघायचाय."

"सिम्बोक, आधी बस."

"बसले तर उठवत नाही मला. बोल तशीच."

प्रिहातिनने सांगितलं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरली आणि नुसतं सांगितलं, नळी, कॅन, कोरी कुपी. सिम्बोक बाटली पुसत राहिली. मग तीच बाटली पुन्हा पुसली. "म्हणजे माझ्या वेलीत काहीच नाही?"

"तसं नाही ग. वेलीत पुष्कळ आहे. कडू लागतं ते सगळं वेलीचंच. फक्त ज्याला तुझं नाव दिलं ते वेलीतलं नाही."

"नळीतलं आहे."

"हो."

"आणि एवढ्या देशांतल्या शिकलेल्यांना ते कळलं नाही?"

"सगळ्यांकडे तीच नळी होती, सिम्बोक."

सिम्बोक हसेल असं क्षणभर वाटलं. तोंडाचे कोपरे हललेही, पण ते खाली गेले. तिचे डोळे भरले आणि तिने ते बाटल्या पुसायच्या फडक्यानेच पुसले, हळदीचा पिवळा डाग गालावर उठला. प्रिहातिनने तिला असं रडताना फक्त एकदा पाहिलं होतं, वडिलांच्या वेळी. "अजून कोणाला कळवलं नाही मी," ती घाईने म्हणाली. "डीन म्हणतात शनिवार होऊ दे. तू म्हणशील तर... तुला विचारल्याशिवाय मी..."

"नाव देताना विचारलं होतंस?"

प्रिहातिनने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

"एक दिवस आलीस, कागद दाखवलास, म्हणालीस हे बघ तुझं नाव. मी म्हटलं होतं का ठेव म्हणून? आता काढायची वेळ आली तर माझ्या दारात. काढू का म्हणे! म्हणजे काढलं तर आईनं सांगितलं म्हणून, आणि नाही काढलं तरी आईसाठी." तिचा आवाज चढला आणि शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला. "माझ्या पाठीवर पुष्कळ वाहिलं मी, नडुक. हे तुझं तू वाहा."

असं आई कधी बोलली नव्हती. प्रिहातिनला राग आला, मग कळलं की तिने सबंध बसभर जे मागायचं ठरवलं होतं ते क्षमा नव्हतंच, सोमवारपर्यंतची परवानगी होती. आईच्या तोंडून. म्हणजे उद्या कुचिंगला त्या मुलीला बाहेर काढलं तरी आपल्याला म्हणता यावं, की आईसाठी. तिने पर्समधून फोन काढला. दायांगचं पत्र आधी उघडलं. 'तुमचा हात स्वच्छ होता. माझा नव्हता. हे पत्र उद्या समितीपुढे ठेवा.' अंगठा टेकवला. गेलं. मग दुसरं. तेही गेलं. पडद्यावर काही फरक पडला नाही. वर घड्याळ, खाली जाहिरात.

"पाठवलं," ती म्हणाली.

सिम्बोकने ऐकल्याचं दाखवलं नाही. "सुमारमीला सांग जाता जाता, गाडी नको म्हणावं. मी येईन शनिवारी. एकटी येईन." तिने टोपलीतून कडूची बाटली काढली, ग्लास भरला आणि पुढे केला. "घे. तोंड उतरलंय तुझं."

प्रिहातिनने उभ्यानेच ग्लास तोंडाला लावला. नाक न दाबता, सगळा, तळाच्या गाळासकट. जीभ आकसली, घशापासून कानापर्यंत कडू चढलं, डोळ्यांना पाणी आलं, आणि या कडूत काही खोटं नव्हतं, हे सगळं वेलीचं होतं. मग सवयीने, जन्मभराच्या सवयीने, तिने रिकामा ग्लास गोडासाठी पुढे धरला.

सिम्बोकने सिनोमच्या बाटलीला बूच लावलं, ती टोपलीत नीट बसवली, टोपली फडक्यात घेऊन पाठीला बांधली आणि फेरीला निघाली.